पलंग भाड्याचा, झोप पाळीची

पलंग हा दिवसातले सोळा तास फुकट जातो, हा शोध मी लावला.

तेव्हा आम्ही नुकतंच चिंचवडला घर बांधलं होतं. पुढे दिवाणखाना, मध्ये एक खोली, स्वयंपाकघर आणि मागच्या अंगणात भाड्यानं द्यायला एक सुटी खोली. आजूबाजूला कारखाने उभे राहत होते आणि खोल्या मिळत नव्हत्या. लातूरकडचा भागवत नावाचा मुलगा कंपनीत लागला आणि दोघा भावांना घेऊन मागच्या खोलीत राहायला आला. तीन मुलं, तीन कॉटी. पण मुलं कामावर गेली की कॉटी रिकाम्या! माझ्यातला हिशेबनीस (मी पुण्याला बँकेत होतो) अस्वस्थ झाला. मी भागवतला म्हटलं, “अरे, एक पहिल्या पाळीचा, एक दुसऱ्या पाळीचा, एक रातपाळीचा. एका कॉटवर तिघं आरामात मावतील!” महिन्याभरात भागवतचे मामेभाऊ, चुलतभाऊ आणि त्यांच्या गावचे पाव्हणे येऊन मुलं नऊ झाली.

“अहो, माणसं आहेत ती. पाळीपाळीनं लावायला यंत्रं नव्हेत,” आमची सुमन म्हणाली. बायकांना योजना कळत नाहीत, असं तेव्हा माझं मत होतं.

तेवढ्यात फतवा निघाला: भाडेकरू ठेवायचे तर घरमालकाला परवाना हवा, आणि एका खोलीत पाचांच्या वर माणसं नकोत. परवाना नसेल तर खोली रिकामी करा! मी मुळीच डगमगलो नाही. रविवारी दोन-तीनदा मागच्या खोलीत डोकावून आलो. एक पाळी कामावर, एक बाजारात नाहीतर सिनेमाला, एक झोपलेली. केव्हाही जा, तीनच माणसं! चौथं दिसलं तर पाहुणा म्हणायचं, की झालं.

परवान्याचा अर्ज दिला, तेव्हा कचेरीतला कारकून म्हणाला, “साहेब सोमवारी येतील तपासायला.”

“छे छे! गुरुवारी पाठवा,” मी म्हटलं. “दत्ताचा वार. शुभ असतो.”

घरी येऊन मी भागवतला बजावलं, “गुरुवारी साहेब येणार आहेत. खोली जरा आवरून ठेवा.”

“व्हय काका! समदे मिळून आवरताव की!”

हे ‘समदे मिळून’ माझ्या कानावरून गेलं.

गुरुवारी मी बँकेतून रजा काढली. तपासनीस साहेब आले, हातात टेप, चेहऱ्यावर सुरकुतीसुद्धा नियमात बसणारी. त्यांना मी दिवाणखान्यात नव्या सोफ्यावर बसवलं (या सोफ्यावर मी स्वतःच्या मुलींनाही बसू देत नसे), पोहे दिले आणि ऐटीत सांगितलं, “तीनच मुलं आहेत हो. गरीब, गुणी. आहेत की नाहीत कळतसुद्धा नाही!”

आणि मागचं दार उघडलं.

अंगणात जत्रा भरली होती! दोघं नळावर अंघोळ करत होते, दोघं भिंतीला चुना लावत होते, तिघं गाद्या बडवत होते, एक जण झाडत होता, आणि भागवत दारावर आंब्याचं तोरण बांधत होता. दोरीवर नऊ निळे शर्ट ओळीनं वाळत होते.

“हे काय?” मी पुटपुटलो.

“आज गुरुवार नाही का!” सुमन कानाशी म्हणाली. “इथल्या कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते. अख्ख्या चिंचवडला ठाऊक आहे. मला विचारलंत?”

माझी सुट्टी रविवारची. जगाचीही तीच असणार, असं मी धरून चाललो होतो!

“पाहुणे आहेत,” मी साहेबांना म्हणालो. “सहा... सहाही.”

साहेबांनी झाडणाऱ्याला विचारलं, “तू कोण रे?”

“मी दुसऱ्या पाळीचा,” तो नम्रपणे म्हणाला. “ह्यो पयल्या पाळीचा, अन् त्यो चुन्यावाला रातपाळीचा. ही कॉट आमा तिघांची.”

“काकांचं डोकं साहेब!” भागवत तोरणाखालून अभिमानानं ओरडला. “कॉट कदी गारच पडत न्हाई!”

साहेबांनी टेप गुंडाळली. “खोलीत पाच माणसं. उरलेली चार संध्याकाळच्या आत बाहेर. नाहीतर परवाना विसरा आणि नऊही बाहेर.”

गाद्या बडवणारे हात थांबले. भागवतच्या हातातलं तोरण तसंच लोंबत राहिलं. “काका, कुटं जावं आता?” तो म्हणाला, आणि मला पहिल्यांदाच माझ्या योजनेची लाज वाटली. पोरं माझ्याच घरासाठी सकाळपासून राबत होती.

सुमन पदर खोचून पुढे आली. “साहेब, नियम खोलीला पाच असा आहे ना? मग खोली कुठलीही चालेल?”

“चालेल.”

“मग चार जण पुढच्या खोलीत.”

“सुमन!” मी किंचाळलो. “तो दिवाणखाना आहे!”

“तुमच्या नियमात दिवाणखाना असा शब्द आहे का हो?”

“नाही,” साहेब म्हणाले. आता त्यांना मजा येऊ लागली होती.

“आतल्या खोलीत मी, दोन मुली आणि ह्यांचा तो सोफा. मग ह्यांना तिथं जागा कुठली? हे पुढेच झोपतील. चार आणि एक पाच. बसलं नियमात?”

“अगदी बरोब्बर!” म्हणत साहेबांनी सही ठोकली. पोरांनी माझाच जयजयकार केला.

त्याच संध्याकाळी एक कॉट आणि चार मुलं दिवाणखान्यात आली. तिघं सतरंजीवर, आणि घरमालक म्हणून कॉटचा मान मला. म्हणजे अर्धा मान! चौथा भागवत. त्या आठवड्यात त्याची रातपाळी होती, तो दिवसा झोपे, मी रात्री. मला वाटलं, योजना काही इतकी वाईट नाही.

पुढच्या शुक्रवारी जेवून पान लावून दिवाणखान्यात आलो, तर कॉटवर भागवत पांघरूण घेऊन आडवा.

“अरे, ऊठ! माझी झोपायची वेळ झाली.”

त्यानं एक डोळा उघडला. “काका, पाळी बदलली. आजपासून माजी पयली पाळी. तुमची कोनती?”

दुसऱ्या दिवशी बँकेत गेल्या गेल्या मी मॅनेजरांच्या केबिनमध्ये शिरलो आणि विचारलं, “साहेब, आपल्याकडे रातपाळी कधी सुरू होणार?”