भुंड्या हातांचा लेप

नवापूरच्या ज्या कारखान्यात मी कामाला होते, तिथं हृदयाच्या नळीत बसवायचे स्टेंट बनायचे. बॉलपेनमधल्या स्प्रिंगपेक्षाही बारीक जाळी. मी लेपाच्या खोलीत. जाळी सुईवर फिरती ठेवायची आणि औषध मिसळलेल्या पॉलिमरचा फवारा तिच्यावर बसवायचा. तो थर पुढे शरीरात हळूहळू औषध सोडतो, म्हणून नळी सहसा पुन्हा बुजत नाही. थर कुठं सोलला, कुठं दोन तारांमध्ये पापुद्रा धरला, की जाळी बाद.

त्या खोलीत बांगडी, कुंकू, गजरा काही चालत नसे. कुंकवाचा कण उडाला तरी माल गेला. रोज काढा-घाला करताना बांगड्या फुटायच्या, म्हणून मी घालणंच सोडलं. नवऱ्याला त्याचं काही नव्हतं. सारंगखेड्याहून सासू आली की मात्र माझी मनगटं बघून तोंड वाकडं करायची. आमच्याकडे भुंडे हात विधवेचे. मी म्हणायचे, जाऊ दे, चार दिवसांची पाहुणी आहे.

मग एका दुपारी नवऱ्याच्या छातीत कळ आली. सुरतेला नेलं, नळी बंद निघाली, स्टेंट टाकला. वॉर्डाबाहेर साऱ्या भाऊबंदांसमोर सासू मला म्हणाली, "भुंडा हात लिसन फिरस, म्हणीसनच मन्हा पोऱ्यावर हाई येळ उनी."

एकानंही तिला गप्प केलं नाही. अरे, माझा नवरा दिवसभर गालात तंबाखू धरून बसणारा माणूस! ती तंबाखू कुणाला दिसली नाही, दिसले ते माझे हात. जाऊबाई तर खालच्या दुकानातून बांगड्या घेऊन आल्या आणि तिथंच बाकावर माझ्या हातात कोंबू लागल्या. तळपायाची आग मस्तकात गेली, पण नवरा आत होता. मी हात पुढे केला.

घरी आल्यावर त्याला नीट समजावलं. तुमच्या छातीतला स्टेंटही लेपाचाच आहे, आमच्या कारखान्याचा नसेल, पण तो लेप कुठल्यातरी बाईनं हात असेच मोकळे ठेवून दिलेला असणार. त्यानं सगळं ऐकलं. आईपुढे एक शब्द बोलेल, एवढीच माझी आशा होती.

"माय सांगस तसं करी टाक," तो म्हणाला. "सोडी दे नोकरी."

"मंग छातीमानी ती तार काढी द्या माले, लगेच सोडी देस."

तो भिंतीकडे तोंड करून पडला. त्याला त्रास होईल असं काही बोलू नका, हे डॉक्टरांनी सगळ्यांना बजावलं होतं. घरात ते फक्त मला लागू झालं. मुक्कामालाच राहिलेल्या सासूनं अन्न सोडलं. शेवटी मीच हरले, नोकरी सोडली. कारखान्यात कारण विचारलं, तर घरचं म्हटलं.

औषधानं आपलं काम केलं. तो आता शेतावर जातो, जेवतो, हसतो. सासू आल्यागेल्याला सांगते, सून घरी बसनी तवय मन्हा पोऱ्या उठना. तो समोरच बसलेला असतो, मान डोलावतो. मी त्याच्या गोळ्या आणि पाणी पुढे ठेवते.