चपलांची गोणी

"गाडी तिघांची हाय, पण दार उघडायला मी एकटाच असतो," असं कानिफनाथ एकदा म्हणाला होता. तक्रार म्हणून नव्हे. डोळे तपासायची ती फिरती गाडी कंपनीने दिलेली, डॉक्टर सरकारचे, डिझेल आणि ड्रायव्हर, म्हणजे कानिफनाथ, संस्थेचे. करारात सगळं लिहिलं होतं. भंडारदऱ्याच्या वरच्या वाड्यांतली म्हातारी माणसं शिबिरापर्यंत यायची कशी, एवढं लिहायचं राहून गेलं होतं. म्हणून सहा वर्षं तोच त्यांना हाताला धरून त्याच गाडीत बसवून आणायचा.

म्हाताऱ्या गाडीत चढताना चपला खाली काढत. आत सगळं पांढरं, देवळासारखं गार. पहिल्याच फेरीत गाडी निघाली आणि नऊ जणींच्या चपला रस्त्याकडेला रांगेत राहिल्या. एकीने उतरताना त्याला विचारलं, "डोळं दिलंस आन पाय काडून घेतलंस व्हय रं?" तेव्हापासून तो सीटखाली गोणी ठेवी.

त्या गोणीनेच त्याला पकडून दिलं. नगरच्या दवाखान्याकडे जाताना गाडी तपासणीसाठी जिल्हा परिषदेत थांबवायला लावली आणि कंपनीच्या साहेबांनी सीटखालची गोणी उघडली. आत एकच जोड, टायरच्या तळव्याचा. त्या चपलांची मालकीण रतनबाई मागे यंत्रांच्या आड बसलेली. एक डोळा कधीचाच गेलेला, दुसऱ्याचं आज ऑपरेशन. दोनदा नाव लागून दोनदा परत गेली होती. एकदा शुगर वाढली म्हणून, एकदा वीज नव्हती म्हणून. दवाखान्याने एकच्या आत यायला सांगितलं होतं. आज चुकलं तर पुढची यादी दिवाळीनंतर, आणि उरलेल्या डोळ्याला तेवढा वेळ नव्हता.

कानिफनाथला वर बोलावलं. गाडीची किल्ली टेबलावर ठेवून घेतली.

"विमा यंत्रांचा आहे, पेशंटचा नाही," साहेब म्हणाले. "वाटेत काही झालं तर?"

"आमची रुग्णवाहिका आहे की," परिषदेच्या मॅडम म्हणाल्या.

"ती वाडीवर चढत न्हाई, मॅडम. खाली हुबा राहून वाट बघितलीय तिची. दोन तास."

संस्थेचे आबासाहेब हसले. "नाथा, तू चपलांचं दुकानच काढ. आम्ही तिघं उद्घाटनाला येतो." मग हळू आवाजात म्हणाले, "करारात एक ओळ घालू या."

पेशंट आणायच्या जबाबदारीची ती ओळ कोणाच्या नावावर घालायची, यावर बोलणं सुरू झालं. कोणी वाईट नव्हतं. मॅडमनी चहा मागवला, म्हातारीलाही खाली पाठवायला सांगितला.

"तिचा झालाय. एकला पोचायचंय आमाला."

"हो हो, पाच मिनिटं," साहेब म्हणाले आणि कराराचं पान उलटलं.

पाच मिनिटं गेली, मग आणखी दहा. पाऊण वाजला. ओळ अजून कोणाचीच नव्हती.

कानिफनाथ उठला. त्याने टेबलावरची किल्ली उचलली. साहेबांचा हात पुढे आला आणि मध्येच थांबला. तिघांकडे एकदा पाहून तो बाहेर पडला आणि रतनबाईला घेऊन दवाखान्याकडे निघाला.