दोन खांबांमधलं बोलणं

फोन आला तेव्हा मी गवार निवडत बसले होते. सकाळचे साडेदहा झाले असतील. विमलच्या सुनेचा नंबर दिसला आणि उचलायच्या आधीच काळजात धस्स झालं, कारण गेल्या पस्तीस वर्षांत त्या घरातून अवेळी आलेला एकही फोन मी शांतपणे घेतलेला नाही. "बाई, आई गेल्या हो..." ती रडत म्हणाली. माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "कशानं?" असा. ना "अगं बाई", ना "कधी". नुसतं "कशानं?" पोरगी गोंधळली. मग म्हणाली, गच्चीवर कुरडया वाळत घालत होत्या, घाम आला म्हणून भिंतीला टेकून बसल्या, त्या उठल्याच नाहीत. डॉक्टरांनी सांगितलं, हृदय बंद पडलं. आणि मला... लिहायला हात धजावत नाही, पण मला हायसं वाटलं. माझी सगळ्यात जवळची मैत्रीण गेली होती आणि मी हातातल्या शेंगा खाली ठेवून मोकळा श्वास घेतला. रडू नंतर आलं, बऱ्याच वेळानं. त्या हायसं वाटण्याची मला आज पाच आठवड्यांनीही लाज वाटते, आणि ते का वाटलं हे सांगितल्याशिवाय विमलबद्दल मला काही सांगताच येणार नाही.

मी पडेगावात राहायला आले ती शाळेतल्या नोकरीमुळे. माझे मिस्टर तेव्हा परभणीला, शनिवारी यायचे. दौलताबादच्या रस्त्याला आजच्यासारखी मंगल कार्यालयं आणि गाड्यांची दुकानं नव्हती. दोन्ही अंगांना शेतं, अधूनमधून वडाची झाडं आणि विजेचे खांब. माझ्या भाड्याच्या खोल्यांना लागून विमलचं घर. नवरा उत्तमराव पाटबंधारे खात्यात कारकून, घरची जमीन, दोन म्हशी, दोन गुटगुटीत मुलं, सासू जरा तिखट पण मनानं चांगली. एवढं सगळं असताना विमल सकाळी पिठाची परात पुढ्यात घेऊन बसायची आणि अकरा वाजता मी मधल्या सुट्टीत घरी यावं तर परात तशीच, पिठात पाणीसुद्धा पडलेलं नाही. येणारा-जाणारा विचारायचा, "काय कमी हाय तुला?" हा प्रश्न मीही एकदा विचारला, शिक्षिकेच्या तोऱ्यात. तिनं माझ्याकडं बघितलं आणि सावकाश म्हणाली, "कमी काईच नाय बाई. हितं काईतरी जास्त हाय." आणि छातीवर हात ठेवला.

मग सुरू झाले उपाय. सासूनं खुलताबादहून धागा आणला, माहेरच्यांनी ब्राह्मीचं तेल पाठवलं. औरंगपुऱ्यात एका माडीवर निसर्गोपचारवाले बसायचे, त्यांनी चाळीस दिवस मीठ बंद केलं. त्यानं विमल बरी झाली नाही, घरातले बाकी सगळे मात्र बिनमिठाची भाजी खाऊन आजारी दिसायला लागले. मी तिला योगाच्या वर्गाला नेलं. शवासनात ती घोरायला लागली आणि बाहेर आल्यावर मला म्हणाली, "मरायची प्रॅक्टिस करायला रिक्षाचं भाडं कशाला द्यायचं?" मी हसले खरी, पण ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. तिच्या प्रत्येक विनोदात मी त्या दिवसापासून काहीतरी शोधायला लागले. शेवटी उत्तमरावांनी शहाणपण केलं आणि तिला मनाच्या डॉक्टरांकडं नेलं. गोळ्या सुरू झाल्या. ती झोपायला लागली, जेवायला लागली. सगळ्यांना वाटलं, सुटलो.

दोन महिन्यांनी एका सकाळी तिनं मला गोठ्यामागं बोलावून सांगितलं, "मी गोळी घेत नाय. आठ दिवस झाले." उत्तमराव रोज चहाबरोबर गोळी तिच्या हातावर ठेवत, ती मुठीत धरून बाहेर येई. का, तर म्हणे, "रडू येत नाय ते ठीक, पन पोरगं पडलं तरी पोटात काई हालत नाय. मी शेजारच्या घरात ऱ्हाते आन् खिडकीतून ह्या घराकडं बघते, असं वाटतं." मी तिला वाटेल ते बोलले. डॉक्टर मूर्ख आहेत का, नवऱ्याला फसवतेस का, उद्या काही केलंस तर तुझी पोरं काय मी सांभाळू? ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "त्यांना सांगू नका. ते घाबरत्याल." आणि मी... सांगितलं नाही. आजही मला कळत नाही की मी असं का वागले. तिच्या डोळ्यांत त्या दिवशी बऱ्याच महिन्यांनी विनवणी तरी दिसली होती, एवढंच मला आठवतं.

सांगितलं नाही, पण अटी घातल्या. एक तर गोळी घरात साठवायची नाही, रोज माझ्या हातात द्यायची, कारण साठलेल्या गोळ्यांच्या नुसत्या विचारानं मला घाम फुटायचा. रोज सकाळी सव्वासहाला माझ्याबरोबर चालायला यायचं. आणि ज्या दिवशी पाय उचलणारच नाही, त्या दिवशी निदान फाटकापर्यंत येऊन "आज नाय" एवढं मला सांगायचं. तिनं सगळं कबूल केलं. मी त्या गोळ्या शाळेतल्या माझ्या कपाटात चहाच्या रिकाम्या डब्यात कुलपाखाली ठेवत गेले आणि वर्गात फळ्यावर लिहितानासुद्धा माझं लक्ष त्या कपाटाकडं असे.

चालण्याचे पहिले आठवडे भयंकर गेले. मी सारखी उपदेश करायची. असा विचार कर, तसा करू नकोस, देवाचं नाव घे. एक दिवस ती रस्त्यातच थांबली आणि म्हणाली, "बाई, तुमी वर्गात हायसा का? ह्या खांबापासून त्या खांबापत्तोर मी बोलते. तुमी गप ऱ्हायचं. त्या खांबापासून म्होरं तुमचं." झालं, तिथून आमची रीत पडली. तिच्या खांबाला ती काहीही बोलायची. सकाळी जाग येते तेव्हा अंगावर पोतं टाकल्यासारखं वाटतं, सासूचा आवाज आला की कानात दडे बसतात, विहिरीकडं जायची भीती वाटते म्हणून पाणी दुसऱ्याला शेंदायला सांगते. हे ऐकून उपदेश अगदी ओठावर यायचा, पण गप्प राहायचं म्हणजे राहायचं. माझा खांब आला की मी म्हणायची, "मला काही नाही." ती म्हणायची, "मंग नुसतं चाला. पन तुमचा खांब तुमीच चाला." असं दीड-दोन महिने मी माझे खांब मुकाट्यानं चालले. मग एका सोमवारी माझ्या तोंडून निघून गेलं की मिस्टर शनिवारी येतात ते मला आवडत नाही, रविवारी संध्याकाळी त्यांची एसटी सुटली की मला घर माझं वाटतं. हे मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं, स्वतःलासुद्धा नाही. विमल पुढचा खांब येईपर्यंत गप्प राहिली. मग म्हणाली, "लई दिवसांनी बोललीस." त्या दिवसापासून ती मला अगंतुगं करायला लागली.

तिला फरक पडत होता. कणीक वेळेवर मळली जात होती, पोरांच्या वेण्या-भांग होत होते. पण मला फरक पडत नव्हता. मी रोज सव्वासहापर्यंत जीव मुठीत धरून फाटकाकडं बघायची. चौथ्या महिन्यात एक दिवस ती आलीच नाही. सहा वीस, साडेसहा. "आज नाय" सांगायलाही नाही. मी अनवाणी धावले. घरात नाही, गच्चीवर नाही. विहिरीकडं वळले. तेवढ्यात गोठ्यातून आवाज आला. विमल मातीत बसून होती, हात कोपरापर्यंत भरलेले, समोर म्हैस व्यालेली आणि ओलं रेडकू उभं राहायला धडपडतंय. मी काही न विचारता तिच्या पाठीत एक धपाटा घातला आणि तिथंच बसून मोठ्यानं रडायला लागले. तिला आधी कळेना. कळलं तेव्हा म्हणाली, "येडे, मी मेले असते तर हिचं बाळंतपन कुनी केलं असतं?" आणि हसायला लागली... खळखळून. मला मात्र हसू आलं नाही. त्या दिवशी माझी हद्द झाली. मी म्हटलं, डॉक्टरांना तू सांगतेस की मी सांगू?

रिक्षा करून आम्ही गेलो. मी चहाचा डबा पिशवीत घातला होता. डॉक्टर एरवी मवाळ माणूस, पण त्या दिवशी त्यांनी दोघींना असं झापलं की बाहेरचे पेशंट आत डोकावले. गोळ्या अशा आपल्या मनानं बंद करायच्या नसतात, जिवावर बेतलं असतं, आणि बाई, तुम्ही शिकलेल्या ना? मी पिशवीतून डबा काढून टेबलावर ठेवला. मग त्यांनी डबा ठेवून घेतला, विमलला पाऊण तास बोलतं केलं आणि ठरवलं की आता चाललंय तसं चालू दे, पण त्यांच्या नजरेखाली. दर महिन्याला यायचं, चालणं सोडायचं नाही, आणि जगणं नको वाटेल त्या दिवशी महिन्याची वाट न बघता त्याच दिवशी यायचं. घरी आम्ही सांगितलं की डॉक्टरांनी गोळी बंद केली. आधीचे चार महिने उत्तमरावांना कधीच सांगितले नाहीत. विमल त्यानंतर पुन्हा कधी गोळीवर गेली नाही, पण बरी झाली असंही मी म्हणणार नाही. दिवाळीचे पाहुणे गेले की दरवर्षी तिचा चेहरा उतरायचा, आणि त्या दिवसांत "आज नाय" ऐकायलासुद्धा मला गोड लागायचं. तिनं ते ओझं शेवटपर्यंत वागवलं आणि ते वागवत पोरांची लग्नं केली, सासूची सेवा केली, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या कुरडया केल्या. मला तिचा अभिमान वाटतो. पण कुणी मला विचारलं की तिच्यासारखं आम्हीही गोळी सोडून चालू का, तर मी म्हणेन, आधी डॉक्टरला विचारा, कारण त्या चार महिन्यांत काही विपरीत घडलं नाही ते निव्वळ नशीब.

गेल्या रविवारी मी उत्तमरावांना भेटायला गेले. आता दोघंही पिकलो, माझे मिस्टर जाऊन सहा वर्षं झाली. ते ओसरीवर बसले होते, दाढी वाढलेली. मी ठरवूनच गेले होते. म्हटलं, भाऊ, मला तुमची माफी मागायची आहे. आणि चार महिन्यांची ती सगळी हकिकत सांगितली. त्यांनी मान वर केली नाही.

"म्हाईत हाय," ते म्हणाले. "पयल्या आठवड्यातच दिसलं मला. तिनं तुमच्या हातात गोळी दिली."

"तुम्हाला कसं दिसलं?"

"मी मागंच असायचो की. दोन खांब सोडून. सहा महिने चाललो. बोलनं ऐकू यायचं नाय, नुसतं दोघी दिसायच्या. एक दिवस तुमी दोघी लई हसलात, रस्त्यात थांबून. तवा मी माघारी फिरलो आन् बऱ्याच दिवसांनी निवांत दाढी केली."

"मग बोलला का नाहीत? गोळी घेत नव्हती ना ती!"

"बोललो असतो तर चालनं बी बंद झालं असतं... मला वाटलं, बाई शिकलेल्या हायत. त्यांना कळत असंल."

मला काहीही कळत नव्हतं. मी वर्षानुवर्षं समजत होते की ती भीती माझी एकटीची आहे, आणि हा माणूस तीच भीती घेऊन माझ्या मागून चालत होता, माझ्या भरवशावर! मला त्यांचा राग आला, आणि त्याच्याहून जास्त स्वतःचा. मग त्यांच्या वाढलेल्या दाढीकडं लक्ष गेलं आणि मी विचारलं, झोप लागते का?

त्यांनी एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडं बघितलं. "नाय लागत," ते म्हणाले. "ताटावर बसावं वाटत नाय. सकाळी उठून काय करायचं तेच कळत नाय, बाई... पन पोरांना सांगू नका. घाबरत्याल."

छातीत तेच जुनं धस्स झालं. पण या वेळी मी तिथंच उठून स्वयंपाकघरात गेले, सुनेला हाताला धरून बाहेर आणलं आणि तिच्यासमोर सांगितलं, "भाऊ, उद्या सव्वासहाला फाटकापाशी उभे राहा. शेजारून चालायचं, मागून नाही. लोकांना बोलायचं ते बोलू दे. परवा ही तुम्हाला डॉक्टरकडं नेईल. त्यांनी गोळी दिली तर ती हिच्यासमोर गिळायची. माझ्या हातात द्यायची नाही."

सून एकदा माझ्याकडं, एकदा सासऱ्याकडं बघत राहिली. उत्तमरावांनी गालावरून हात फिरवला, दाढीचे खुंट चाचपले.

"सव्वासहा नको, बाई," ते म्हणाले. "सहा करा. ऊन लई लवकर यायलंय आता."