वरातीची घोडी आणि ताईचा तंबू

आई गेली त्यानंतर तिसऱ्या महिन्यात ताईने चहा पिता पिता सांगितलं, "मला घोड्यावर बसून रानात जायचंय. तंबू लावून एक रात्र राहायचंय. घोडाही तिथेच राहील."

"घोडा कशाला?" मी विचारलं.

"चालून माझे गुडघे दुखतात."

ताई तेव्हा चोपन्न वर्षांची होती. लग्न केलेलं नव्हतं. आई अकरा वर्षं अंथरुणावर होती आणि तेवढ्या काळात ताई एक रात्रही पनवेलबाहेर राहिली नव्हती. मी दोन गल्ल्या सोडून राहत होतो आणि दर रविवारी फळं घेऊन जात होतो. तेव्हा नाही म्हणायचा हक्क मला फारसा नव्हता.

ही गोष्ट दोन हजार दहाच्या आसपासची. घोडे कुठे मिळतात हे मला माहीत नव्हतं. चौकशी करत आम्ही बेलपाड्याला एका माणसाकडे पोचलो. त्याच्याकडे लग्नाच्या वरातीसाठी दोन घोड्या होत्या. त्याने आमचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"ताई, आमची घोडी वरातीची हाय," तो म्हणाला. "तिला दोन तासांत अर्धा किलोमीटर जायची सवय. आन् बँड वाजला की ती नाचते."

"मला घाई नाही," ताई म्हणाली.

"दिवाळी झाली की या मग. तुलशीचं लगीन झालं की घोडी मोकली नाय."

मग ताईचा सराव सुरू झाला. बेलपाड्याच्या मागच्या मोकळ्या मैदानात ती सकाळी सात वाजता प्लॅस्टिकच्या स्टुलावर चढून पांढऱ्या घोडीवर बसायची. अंगात सलवार-कमीज, पायात कॅनव्हासचे बूट, डोक्यावर माझं स्कूटरचं हेल्मेट. पहिल्या दिवशी घोडी हललीच नाही. ताईने लगाम घट्ट धरून ठेवला होता.

"ताई, लगाम ओढू नका," घोडीवाला म्हणाला. "ती थांबलेलीच हाय."

चौथ्या दिवशी घोडी वीस पावलं चालली. ताईने घरी येऊन हे मला दोनदा सांगितलं.

राहायची जागा म्हणून ताईने हायवेलगतचं पक्ष्यांचं अभयारण्य ठरवलं होतं. मी परवानगी विचारायला गेलो. गेटवरचा वनरक्षक सभ्य माणूस होता. त्याने दरफलक वरपासून खालपर्यंत वाचला. मोठी माणसं, मुलं, मोटारी, बस, दुचाकी, कॅमेरा. घोडा नव्हता.

"घोडा कशात धरायचा?" त्याने मलाच विचारलं.

मी दुचाकी सुचवली. त्याने विचार केला आणि नकारार्थी मान हलवली. शिवाय रात्रीचा मुक्काम आणि शेकोटी आत चालत नाही, हेही सांगितलं. त्याचं बरोबर होतं. ताईला मी हे सांगितलं. तिने हेल्मेट उचलून खुंटीला टांगलं आणि भाजी निवडायला बसली.

दुसऱ्या दिवशी घोडीवाल्यानेच तोडगा काढला. डोंगराच्या पायथ्याशी त्याच्या सासऱ्यांची आंब्याची वाडी होती. विहीर होती, गवत होतं. "सासरा बोलत नाय फारसा," तो म्हणाला. "पन हाकलनार नाय."

हायवेवरून घोडी चालवणं शक्य नव्हतं. मी कळंबोलीच्या लोखंड बाजारात कारकून होतो, म्हणून ओळखीचा टेम्पो सांगितला. ड्रायव्हरने फोनवर विचारलं, "माल काय आहे? सळ्या की पत्रा?" मी घोडी म्हटल्यावर त्याने विचारलं, "बांधायला दोरखंड तुमचा की माझा?"

ठरल्या दिवशी हायवे सोडल्यावर घोडीला टेम्पोतून उतरवलं. ताई वर बसली. पुढे घोडीवाला, मागे मी, पाठीवर तंबू आणि हातात बादली. पायथ्याच्या गावात शिरलो तर एका घरी सत्यनारायण होता आणि स्पीकरवर सनई लागली होती. घोडी थांबली. मग तिने मान डोलावली आणि जागच्या जागी पाय नाचवायला सुरुवात केली. लोक नवरदेव बघायला बाहेर आले. त्यांना हेल्मेट घातलेली ताई दिसली.

एक म्हातारी तांब्या घेऊन पुढे आली. "नवरा कुठं हाय गो?"

"नवरा नाही," ताई वरूनच म्हणाली. "मी एकटीच आहे."

म्हातारीने क्षणभर विचार केला. "मंग काय झालं? घोडी तर आलीय." तिने घोडीच्या पायांवर पाणी घातलं, तिच्या कपाळाला कुंकू लावलं. मग ताईला वाकायला सांगितलं. ताईने हेल्मेट काढलं, घोडीच्या मानेवर हात टेकून खाली वाकली आणि कुंकू लावून घेतलं. मी बादली या हातातून त्या हातात घेतली. दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं.

वाडीत पोचायला दुपार झाली. तंबू तिसऱ्या खेपेला उभा राहिला. सासरेबुवांनी खाटेवरून सगळं पाहिलं आणि भाकरी-सुकटीचं ताट पाठवलं. दिवस मावळताच ताई तंबूत शिरली आणि झोपली. घोडी बाहेर आंब्याला बांधलेली होती.

सकाळी ऊन तंबूवर आलं तरी ताई उठेना. मी घाबरून हाक मारली. आठ वाजता ती विस्कटलेल्या केसांनी बाहेर आली आणि विहिरीच्या काठावर बसली.

"आईला कूस बदलून द्यायला मी पहाटे चारला उठायचे," ती म्हणाली. "ती गेल्यावरही जाग यायचीच. आज नाही आली."

मी चहा दिला. तिने तो सगळा प्यायला, मग घोडीला पाणी दाखवलं.

पुढच्या वर्षी ती मला न विचारता पुन्हा गेली. घोडीवाला, घोडी आणि ती. मला वाडीतून एकच फोन आला, तोही दुपारी, बाजारात असताना. तंबूचे खुंटे मी कुठे ठेवलेत, एवढंच तिला हवं होतं.