नऊ इंच

आमच्या गल्लीत शिवणकाम करणाऱ्या ताई एरवी मोजकंच बोलतात. सरकारी सोडतीत त्यांना पाथर्डी फाट्याजवळ फ्लॅट लागला. ताबा घ्यायला मीही सोबत गेलो. ताईंनी गळ्यातली टेप काढून स्वयंपाकघर मोजलं, तर ते नकाशापेक्षा नऊ इंच कमी भरलं.

"एवढ्यानं काय होतंय, ताई?" ठेकेदाराचा माणूस हसला.

"ब्लाउजमधून नऊ इंच काढले, तर बाह्याच राहत नाहीत," असं म्हणून त्यांनी चावी परत केली. मग शेजाऱ्यांचीही घरं मोजून दिली. त्या मजल्यावरच्या आठही कुटुंबांनी ताबा नाकारला.

दोन महिन्यांनी पॅसेजकडच्या भिंती पाडून नकाशाप्रमाणे बांधल्या गेल्या. ताईंनी सही केली, आणि आठ स्वयंपाकघरांत एकाच सकाळी दूध उतू गेलं.