व्हर्लिनचं शहात्तर

मी होडीतच होतो, सगळं डोळ्यांदेखत घडलं, तरी अजून खरं वाटत नाही. आणि ते व्हर्लिन स्कोगलुंडच्या हातून घडावं, हे तर मुळीच नाही.

व्हर्लिन टिन कप तळ्यावरचा सगळ्यांत जुना वाटाड्या. वय एकाहत्तर. विस्कॉन्सिनच्या आमच्या या वरच्या अंगाला उन्हाळ्यात माणसं मस्की नावाचा मासा धरायला येतात, आणि हा त्यांना होडीत घालून कुठं काय टाकायचं ते दाखवतो. मस्की म्हणजे तळ्यातली वाघीण. बदकाचं पिल्लू अख्खं गिळणारी. पण गळाला लागायची म्हटलं तर खांदे निखळेस्तोवर दोरी फेकावी लागते. आमिषामागं होडीपर्यंत येते, बघते, आणि वळून जाते.

धरली तरी आमच्यात तिला कोणी खात नाही. पाण्यातच गळ काढायचा आणि सोडायची. आणि पाणी ऐंशी फॅरनहाइटच्या वर तापलं, म्हणजे हाताला कोमट लागायला लागलं, की मस्कीवर गळच टाकायचा नाही. तशा पाण्यात तिला श्वास पुरत नाही. झुंजून दमली की सोडलेलीही मरते. हा नियम आमच्या टाळक्यात घातला तो व्हर्लिननंच. चौदा वर्षं रोज सकाळी आपल्या फळ्यांच्या धक्क्यावरून तो पाण्यात थर्मामीटर सोडायचा आणि माझ्या आमिषांच्या दुकानात येऊन फळ्यावर आकडा लिहायचा. तो आकडा बघून होड्या निघायच्या.

त्याची एक मस्की होती. नऊ उन्हाळे त्याच्या आमिषामागं येत होती, एकदाही तोंड उघडलं नव्हतं. खालचा ओठ फाटका, म्हणून ओळखू यायची. तिचं नाव त्यानं ठेवलं होतं सासू. "सगळं बघती, कशाला हात लावत न्हाई, नाक मुरडून जाती," म्हणायचा.

हा उन्हाळा शेवटचा होता. बोटं वाकडी झाली होती, गुडघे बोलत होते. सप्टेंबरात होडी विकायची, असा शब्द त्यानं बायकोला, आर्डिसला, दिला होता. त्याआधी सासूला एकदा धरायचं, तिच्या अंगावरून हात फिरवायचा आणि सोडायचं. एवढंच मागणं.

ऑगस्टात आठ दिवस नुसता भट्टीतला वारा. नवव्या दिवशी सकाळी त्यानं फळ्यावर लिहिलं : शहात्तर.

"एवढ्या उकाड्यात शहात्तर?" मी म्हणालो.

"तुला कपाळावरचा घाम मोजायचाय का तळ्याचं पाणी, गेरी?"

त्याच्या आकड्यावर कोण बोलणार? आदल्या आठवड्यात दोन मस्की पांढरी पोटं वर करून किनाऱ्याला लागल्या होत्या, तर आम्ही सगळ्यांनी शिकागोच्या पाहुण्यांना शिव्या हासडल्या होत्या. यांना मासा सोडता येत नाही, म्हणून.

आम्ही दोघंच निघालो. धक्क्यावर कॉफीचा थर्मास देताना आर्डिस म्हणाली, "जा, भेटून या सासूला. माझी आई जाऊन वीस वर्षं झाली, तरी ह्याचं सासूवेड सुटंना. तिच्या हयातीत एकदा तरी असा पहाटं उठला असतास!"

"ती कुठं अशी गप्प पोहायची?" व्हर्लिन म्हणाला.

शेवाळाच्या रानाची कड जिथं खोल पाण्यात उतरते, तिथं त्यानं होडी आडवी केली. पेटीतून लाकडी, हळू डुलत येणारं आमिष काढलं. नऊ वर्षं तेच.

"ठेव ते पेटीत," मी म्हणालो. "शहात्तरला पानी जरा ऊन, म्हंजे तिचं रक्तबी ऊन. हळू टाकलंस तर ती निवांत बघती आन खोटं हाय ते वळखती. बघायला सवडच देऊ नगंस."

"मला शिकवतोस व्हय रं? तुझ्या बापाला मी गळ बांधायला शिकवलं."

"म्हणून तर त्याला कधी मासा लागला न्हाई."

हसला. पण लाकडी आमिष ठेवून दिलं आणि हरणाच्या शेपटीचे काळे केस बांधून स्वतः बनवलेलं, पितळेच्या दोन पात्यांचं आमिष अडकवलं. फेकलं आणि रीळ अशी फिरवली की पाती पाण्याखाली घुमायला लागली.

सहाव्या फेकीला ती मागं दिसली. शेवाळातून ओंडका सुटावा तशी. आमिष होडीपाशी आलं, तरी त्यानं ते वर काढलं नाही. काठीचं टोक पाण्यात बुडवून इंग्रजी आठचा आकडा काढत राहिला. पहिल्या वळणावर ती मागं. दुसऱ्या वळणावर तिनं तोंड उघडलं.

पाणी फुटलं! मी ओरडलो की तो, आठवत नाही. पाच मिनिटं ती ओढत होती, होडी फिरत होती, म्हाताऱ्याची टोपी पाण्यात गेली. मग जाळ्यात आली. फाटका ओठ. नजरेनंच साडेचार फूट तरी.

सगळं नियमानं केलं. जाळं पाण्याबाहेर काढलं नाही. गळ कटरनं तोडला. फोटो नाही, माप नाही. व्हर्लिननं वाकड्या, बधिर बोटांनी तिच्या शेपटीचा बुंधा धरला, दुसरा हात पोटाखाली घातला आणि तिला सरळ उभी धरली. "जा गं बाई," म्हणाला, "झालं माझं."

ती गेली नाही.

बोटभरही हलली नाही. हात सैल केला की कलंडायची. पाच मिनिटं. वीस. पाऊण तास. कल्ले उघडायचे थांबले, तरी तो धरूनच होता.

"असं कसं?" तो मला विचारत होता. "काय चुकलं, गेरी? सांग की. काय चुकलं?"

मी खाली वाकून तिच्या अंगाला हात लावायला गेलो. पाण्यात हात घातला आणि झटक्यात बाहेर काढला. भांडी धुवायचं कोमट पाणी जसं लागतं, तसं.

"व्हर्लिन. थर्मामीटर दे."

त्र्याऐंशी.

त्यानं परत सोडायला लावला. परत त्र्याऐंशी. मग त्यानं आपल्या घराकडं, धक्क्याच्या दिशेला बघितलं.

"झरा," म्हणाला.

यंदा बर्फानं त्याचा धक्का मोडला होता. गुडघ्यांना चढण सोसेना, म्हणून मेमध्ये त्यानं नवा धक्का पन्नास पावलं अलीकडं, सपाटीला बांधला. तिथंच खालून गार झरा लागतो. उभ्या गावाला तो झरा ठाऊक आहे. धक्का बांधताना त्याच पाण्यात बियरच्या बाटल्या ठेवल्या होत्या आम्ही. पण कुणाच्याही, कुणाच्याही डोक्यात आलं नाही.

"मी झऱ्याचं पानी मोजत हुतो," व्हर्लिन म्हणाला. "आन लिवत हुतो तळ्याचं." मग त्याचा चेहराच उतरला. "सगळी बाहेर हायेत, गेरी. माझा आकडा बघून."

तळ्यावर होड्याच होड्या. सासूचं जाळं होडीच्या कडेला बांधून त्यानं इंजिन चालू केलं. पहिली होडी डेल प्रुसिन्स्कीची, आमच्यातलाच.

"गळ काढ!" व्हर्लिन लांबूनच ओरडला. "पानी त्र्याऐंशी हाय! मी चुकलो!"

डेल काठी हातात तशीच धरून उभा राहिला. "माझ्या होडीतलं पानी मोजायचं यंत्र चौऱ्याऐंशी दाखवत हुतं सकाळपासनं! तू शहात्तर लिवलंस म्हणून मी यंत्राच्या डोक्यावर बुक्की मारली. तीन दिवस झालं मारतोय! काल दोन सोडल्या मी, व्हर्लिन. दोन!"

व्हर्लिन खाली वाकला आणि आयुष्यात कधी कुणाला उचलू दिली नव्हती, तशी ती मस्की दोन्ही हातांनी पाण्याबाहेर उचलून धरली. डेलनं डोक्यावरची टोपी काढली आणि रीळ गुंडाळायला लागला.

तशीच उचलून धरत आम्ही होडीहोडीपाशी गेलो. नऊ होत्या. सात थांबल्या. दोन बाहेरच्यांच्या होत्या. त्यांनी हात हलवून शाबासकी दिली, केवढी धरलीस म्हणून, आणि पुढची फेक टाकली.