बेरियमचा पहिला घोट

सत्तरच्या दशकातल्या एका सोमवारी सकाळी, मिरजेच्या एका रुग्णालयात, कवठे महांकाळकडच्या वयस्कर मेंढपाळाने बेरियमचा ग्लास परत केला. वर्तमानपत्रासाठी अपघातांची माहिती घ्यायला गेलेला मी तेव्हा क्ष-किरण विभागाच्या दारात उभा होतो.

ग्लास देणारे तंत्रज्ञ लष्कराच्या वैद्यकीय दलातून आलेले. सगळे त्यांना हवालदार म्हणत. पोटाच्या फोटोआधी हे खडूसारखं पांढरं, दाट पाणी प्यावं लागतं, ते तुमच्यापैकी कुणी प्यायलंही असेल. हवालदार प्रत्येक रुग्णासमोर आधी स्वतः एक घोट घेत, मिशी पुसत आणि विचारत, "बघा, हाय का न्हाई मी जागेवर?"

मेंढपाळाच्या पोटात पाच दिवस अन्न टिकत नव्हतं. अडथळा कुठे आहे हे फोटोत दिसल्याशिवाय सर्जन शस्त्रक्रिया करणार नव्हते.

"चुना पाजतोस व्हय रं मला?" मेंढपाळ म्हणाला.

"चुना न्हवं, आबा. म्हाताऱ्या ताऱ्यांच्या पोटात शिजलेलं हाय हे."

"पलटणीत थापा मारायलाबी शिकिवत्यात वाटतं."

हवालदार हसले नाहीत. पोट तपासून घ्यायला आलेल्या सांगलीच्या एका प्राध्यापकाकडून त्यांनी हा विषय तीनदा समजावून घेतला होता. त्यात प्राध्यापकांची गाडी चुकली, हेही ते अभिमानाने सांगत.

ते स्टूल ओढून बसले आणि सांगू लागले. तारा म्हातारा झाला की त्याच्या पोटात बारीक कण सुटतात. तिथलं लोखंड ते एकेक करून गिळतं आणि हजारो वर्षांत जड होत जातं. त्यातूनच बेरियम होतं. फार पूर्वी जन्मलेल्या ताऱ्यांत मात्र लोखंड अगदी थोडं.

"मग हे पांढरंबी थोडंच व्हत आसंल."

"तितंच गंमत हाय. गिळणारे थोडे, म्हणून एकेकाच्या वाट्याला कण लय. मग ते बेरियमच्याबी म्होरं जात्यात, पार शिशापतुर." त्यांनी अंगावरच्या शिशाच्या एप्रनवर टिचकी मारली.

मेंढपाळाने एप्रनला हात लावून पाहिला. "म्हंजी कोकरं थोडी अन् दूध तेवढंच."

"व्हय, आबा."

"मग कोकरू जड व्हणारच की. पर जड कशाला पायजे?"

"जड हाय म्हणून किरणं अडत्यात. अडली की पोटातली वाट फोटोत पांढरी दिसती."

"आदी सांगायचं न्हाई का, गड्या!"

त्याने ग्लास तोंडाला लावला, पण दुसऱ्याच घोटाला त्याला उमासा आला. हवालदारांनी पाठीवर हात ठेवला. "दमानं." ग्लास संपायला वीस मिनिटं लागली.

जठरातून अन्न पुढे जातं त्या तोंडाशी अडथळा होता. बुधवारी शस्त्रक्रिया झाली. नवव्या दिवशी मेंढपाळाने दुधात कुस्करलेली अर्धी भाकरी खाल्ली आणि ती पोटात राहिली. हवालदार रोज दोनदा वॉर्डात चौकशी करून जात, असं परिचारिकेने मला सांगितलं.

पुढच्या वर्षी मेंढपाळ चालत त्याच दारात आला. काखेत नवी घोंगडी होती. मी तेव्हाही बातमीसाठी तिथे गेलो होतो. हवालदार निवृत्त होऊन कराडजवळ मलकापूरला गेले होते. त्याने पत्ता माझ्याकडून चिठ्ठीवर लिहून घेतला. मी स्टँडपर्यंत बरोबर गेलो. कराडची गाडी अकरा वाजून दहा मिनिटांनी सुटली.